ब्रॉकडेनच्या रानाची आकडी

मी आकडी बोलतेय. थांबा, थांबा, लगेच कांदा फोडायला धावू नका! माणसाला येते ती आकडी मी नव्हे. लांब दांडा, त्याच्या टोकाला लोखंडाचा वाकडा हात, आणि झाडावरची वाळकी फांदी खटकन खाली ओढायची, ती मी. तुमच्याकडे माझ्या बहिणी कैऱ्या आणि शेवग्याच्या शेंगा काढतात म्हणे. बिचाऱ्या! मी आयुष्यात एकही फळ काढलेलं नाही. मी अख्खं रान काढून आणलंय, तेही जमीनदाराच्या घशातून. बढाई वाटते? वाटू दे. एवढं केल्यावर बढाई मारायची नाही तर कधी मारायची?

माझा जन्म ब्रॉकडेनचा. इंग्लंडच्या दक्षिणेला रानात वसलेलं हे गाव, आणि रानाचं नावही ब्रॉकडेनच. इथली माती अशी चिकट की पावसाळी दिवसात पाय वर येतो आणि बूट खाली राहतो. त्याच मातीत लोखंड सापडायचं. ते वितळवायला कोळसा लागायचा, तो याच रानातल्या लाकडाचा. तेव्हा माझं माहेरही रान आणि सासरही रान. लोहारानं मला ठोकून वाकवलं, अ‍ॅशच्या झाडाच्या सरळ दांड्यावर बसवलं आणि म्हणाला, "जा, लोकांच्या चुली पेटव."

दांडा पुढे कितीदा तरी मोडला, कितीदा तरी नवा आला. काही शहाणे म्हणतात, मग तू तीच कशी? का हो, तोंडात कवळी बसवली म्हणजे तुम्ही दुसरे होता का?

त्या काळी रान राजाच्या हरणांचं होतं. कुऱ्हाड घेऊन आत शिरलात तर तुमची खैर नव्हती. पण थंडीला राजाचं काय पडलंय? गावात माणसं कुडकुडत होती आणि समोर वाळकं लाकूड झाडांवर लटकत होतं. शेवटी रान सांभाळणाऱ्या एका जुन्या सरदारानं तोडगा काढला. हिरवं ते मालकाचं, वाळकं ते गावाचं. पण वाळकंसुद्धा जिथवर गावच्या आकडीचा हात पोचेल तेवढंच. आकडी एकच आणि लांबी हीच. कुणी हळूच लांब दांड्याची दुसरी करू नये म्हणून त्यानं माझ्या मानेवर शिक्का ठोकला आणि दांड्याचं माप चर्चच्या भिंतीवर कोरून ठेवलं. म्हणजे बघा, बाकीच्या आकड्या कायदा पाळतात. मी स्वतःच कायदा आहे!

त्यानं एक मेख मात्र मारून ठेवली. दरवर्षी मे महिन्यात एका ठरलेल्या सोमवारी, दुपारच्या बाराची घंटा व्हायच्या आत, रानाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या ओकची एक वाळकी फांदी माझ्याकडूनच खाली आली पाहिजे. एक वर्ष जरी चुकलं तरी गावाचा हक्क बुडाला, कायमचा. त्या दिवसाला आमच्याकडे ओढीचा सोमवार म्हणतात.

एकही वर्ष चुकलं नाही. राजे आले, राजे गेले, एकाचं तर लोकांनी डोकंच उडवलं. जहाजांसाठी मोठमोठे ओक गाड्यांवर चढून समुद्राकडे गेले. लोखंडाच्या भट्ट्या धडाडल्या आणि विझल्या. रान मात्र राहिलं, कारण गावाला ते हवं होतं. मालकाला चार पैसे देऊन हेझलची झुडपं बुंध्याशी तोडायची, दोन-चार वर्षांत पुन्हा पुरुषभर धुमारे यायचे. डुकरं ओकची फळं खाऊन लठ्ठ व्हायची. वसंतात जमिनीवर निळी घंटाफुलं अशी दाटायची की पाय कुठे ठेवावा हा प्रश्न पडायचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढा हक्क मिळाल्यावर गाव गुण्यागोविंदानं राहत असेल. छे हो! माणसं ती. गावाच्या दोन आळ्या, वरली आणि खालची. एक वर्ष मी वरल्या आळीत राहायची, एक वर्ष खालच्या. ज्यांच्याकडे मी, त्यांनी फांदी ओढायची आणि मग मला दुसऱ्यांच्या हवाली करायचं. ओढणाऱ्याच्या चुलीत ती फांदी आधी पेटायची. त्याला पहिला धूर म्हणायचे. धुरानं ना पोट भरत, ना खिसा. पण पहिला धूर कुणाचा, यावरून इथे सख्खी नाती तुटलीत.

सख्खी म्हणजे अगदी सख्खी. अँब्रोज पेल आणि त्याची धाकटी बहीण कीझाया. अँब्रोज वरल्या आळीत राहायचा, हेझलच्या काटक्या विणून मेंढवाड्याच्या ताट्या करायचा. कीझाया खालच्या आळीत, तिची पावाची भट्टी. तिचा सगळा संसार त्या भट्टीवर, आणि भट्टी रानातल्या लाकूडफाट्यावर. दोघंही एका मुशीतले, हट्टी आणि तोंडाळ. लहानपणी एका वाडग्यात जेवलेले. आणि मी सांगतेय तेव्हा दोघांचं बोलणं बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती.

कारण काय? तर त्यांची आई गेली तो नेमका ओढीचा सोमवार होता. त्या वर्षी मी कीझायाकडे होते. ती आईच्या उशाशी बसून राहिली, हात सोडवेना. बारा वाजत आले. अँब्रोज आला, दाराशी टेकून ठेवलेल्या मला न विचारता उचलून घेऊन गेला, फांदी ओढली, आणि सवयीनं ती आपल्या आळीत नेऊन पेटवली. इकडे आईनं डोळे मिटले.

"आई इथे शेवटचा श्वास घेत होती आणि तू तिकडे धूर मिरवत होतास!" कीझाया म्हणाली.

"अगं, फांदी ओढली नसती तर आज तुझी भट्टी कुठल्या लाकडावर पेटली असती?"

तेवढंच. त्यानंतर दोघांत शब्द नाही. अँब्रोज पाव आणायला चिखल तुडवत शेजारच्या गावाला जायचा, पण बहिणीच्या हातचा खायचा नाही. मला विचाराल तर दोघंही बरोबर होते. म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. एक जण चूक असता तर केव्हाच मिटलं असतं.

मग रेल्वे आली. हे राणीच्या राज्यातलं, तुमच्याकडेही तेव्हा तिचंच राज्य होतं. लंडनचे बडे लोक शिकारीला गाडीनं येऊ लागले. रान तोवर राजाकडून एका जमीनदाराकडे आलं होतं. या आमच्या मालकाला वाटलं, रानाला कुंपण घालावं, आत फेझंट पक्षी पाळावेत, पाहुण्यांनी ठो ठो करावं. मध्ये आडवी येत होते ती मी, हातभर लोखंड!

मालकाचा कारभारी ग्रिंडल. गोड बोलून केसानं गळा कापणारा. त्यानं माझ्याशी झटापट केली नाही. त्याला गावाचं दुखणं बरोबर ठाऊक होतं. ओढीच्या सोमवारच्या आदल्या शुक्रवारी तो कीझायाकडे मनुकांचा पाव घ्यायला आला.

"कसं काय, बाई? तुमचे बंधुराज म्हणत होते, यंदा आकडी खालच्या आळीला द्यायचीच नाही. ज्यांना सांभाळता येत नाही त्यांनी मागू नये म्हणे. त्या वर्षी दाराशी बेवारशी पडली होती ना, तसं काहीतरी बोलले. मला काय कळतं!"

अँब्रोज असं काही बोललाच नव्हता. पण कीझायाच्या कणकेच्या हातांनी भट्टीचं दार असं आपटलं की ग्रिंडल हसू लपवत बाहेर पडला.

त्या वर्षी पाळी वरल्या आळीची, आणि मी अँब्रोजच्या घरी होते. रविवारी तो चर्चमध्ये छाती फुगवून गात होता. त्याचा आवाज तिकडे घुमतोय तोवर इकडे कीझाया मागच्या शेतातून आली आणि त्याच्या वळचणीला लटकवलेल्या मला तिनं काढलं. मी मनात म्हटलं, बाई गं, हे काय करतेस? पण मला तोंड कुठाय! रात्र मी तिच्या भट्टीमागे काढली. सोमवारी सकाळी तिनं चादरी धुतल्या. आमच्याकडे सोमवार म्हणजे कपडे धुण्याचा दिवस, जग बुडालं तरी. अंगणातल्या दोरीला मधोमध टेकू लागतो, त्या टेकूच्या जागी तिनं मला उभं केलं आणि माझ्या डोक्यावर उशीचा अभ्रा घातला. ज्या मानेवर सरदाराचा शिक्का, तिच्यावर उशीचा अभ्रा! हसू नका.

तिचा बेत साधा होता. अँब्रोजनं चारचौघांत कबूल करावं की माझ्याकडून आकडी हरवली. तो एक शब्द ऐकला की ती धावत येऊन मला नेणार होती. रान बुडवायचं तिच्या मनातही नव्हतं. पण आपला भाऊ किती हट्टी आहे हे ती विसरली, आणि आपण किती हट्टी आहोत हेही.

उंच असण्याचा एक फायदा असतो. अंगणातून, कुंपणावरून, चढावरचा तो म्हातारा ओक मला अभ्र्याच्या शिवणीतून सरळ दिसत होता. तिथलं बोलणं मागून मी इतक्यांदा ऐकलंय की ते माझ्या समोरच झालं असं समजा.

सगळं गाव जमलं होतं. झाडापलीकडे दोन गाड्या उभ्या होत्या, कुंपणाच्या खांबांनी भरलेल्या. ग्रिंडल खिशातलं घड्याळ काढून उभा होता. अँब्रोज आला. हात रिकामे, तोंड उतरलेलं. त्यानं पहाटेपासून गोठा, माळा, विहीर, सगळं धुंडाळलं होतं.

"आकडी कुठाय रे?" कुणीतरी विचारलं.

"येतेय."

"येतेय? चालत येतेय की काय?"

लोक हसले. मग हसणं थांबलं, कारण अँब्रोज हसत नव्हता. त्यानं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं झाडाकडे पाहिलं. ऊन चढत गेलं. कुणी म्हणालं, दुसरी आकडी आणा. ग्रिंडल म्हणाला, "खुशाल आणा. मानेवर शिक्का असला म्हणजे झालं." कुणी म्हणालं, दगड मारून फांदी पाडा. ग्रिंडलनं नुसती मान हलवली. बायका रडकुंडीला आल्या. बारा वाजणं या शब्दाचा तुमच्याकडे जो अर्थ आहे ना, अगदी तोच त्या दिवशी आमच्याकडे होणार होता.

आणि मी इकडे अंगणात ओल्या चादरी धरून उभी! अहो, जीव कसा तुटत होता म्हणून सांगू. वाऱ्यानं एकदा चादर फडफडली, मला वाटलं, बघतील. कुणी बघितलं नाही. टेकूकडे कोण बघतंय? कीझाये, बोल गं मेले, असं मी लाख वेळा म्हटलं. लोखंडाचं म्हणणं कुणाच्या कानी जाणार!

शेवटी हलला तो अँब्रोज. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, गर्दीतून वाट काढत बहिणीसमोर जाऊन उभा राहिला, आणि इतक्या वर्षांनी तिला तिच्या लहानपणच्या नावानं हाक मारली.

"कीझी."

तिनं झाडावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"हरवली गं माझ्याकडून. मला सांभाळता आली नाही. रान गेलं तर ते माझ्यामुळे, या लोकांना सांग, तुझा भाऊ नालायक निघाला." मग तो आणखी जवळ सरकला. "आणि आई गेली त्या दिवशी फांदी ओढली ते बरोबरच केलं. पण ओढल्यावर मी आधी तुझ्याकडे यायला हवं होतं. मी धूर घेऊन घरी गेलो. ते चुकलं माझं."

कीझाया याच शब्दांसाठी थांबली होती. किती वर्षं मनात घोकलं होतं, की हा असं म्हणेल, मग मी तसं म्हणेन, ताठ मानेनं म्हणेन. पण प्रत्यक्ष ऐकल्यावर ती हमसून हमसून रडायला लागली.

"हरवली नाही रे गाढवा," ती रडता रडताच ओरडली. "माझ्या अंगणात आहे! चादरींना टेकू लावलाय तिचा! मीच चोरली! पळा, पळा कुणीतरी!"

मग काय विचारता! अख्खं गाव उतारावरून सुटलं. तरणे पुढे, म्हातारे मध्ये, गरोदर बाया आणि लठ्ठ खाटीक मागे. पुढच्यांनी अंगणात येऊन मला उपटलं, दोरी तुटली, चादरी चिखलात. मागे वळून बघतात तो सगळ्या चढावर धापा टाकणारी माणसं ओळीनं उभी. कुणी हुकूम दिला नाही, कुणी युक्ती सांगितली नाही. पहिल्यानं मला दुसऱ्याच्या हातात दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. वरल्या आळीचा हात, खालच्या आळीचा हात, पुन्हा वरल्या आळीचा. जे एकमेकांच्या दारावरून जाताना थुंकायचे, ते एकमेकांच्या हातातून मला घेत होते. मी डोक्यांवरून निघाले, माझ्या टोकाला एक ओली चादर अडकून फडफडत होती, आणि प्रत्येक जण ओरडत होता, "पुढे! पुढे!" अशी मिरवणूक राणीचीसुद्धा निघाली नसेल.

ओकापाशी पोचले तर ग्रिंडल आडवा आला. अभ्रा ओढून काढला, माझी मान तपासली, शिक्का बघितला आणि तोंड आंबट केलं. अँब्रोजनं मला उचललं. पण घाईत हूक फांदीवर बसेना. एकदा निसटला, दुसऱ्यांदा निसटला. तेव्हा कीझाया पुढे झाली आणि भावाच्या हातांखाली तिनं आपले हात माझ्या दांड्यावर घट्ट धरले.

"हे चालणार नाही," ग्रिंडल म्हणाला. "ओढणारा एकच असतो."

"नियमात आकडीचं नाव आहे, साहेब," अँब्रोज म्हणाला. "हात किती, ते कुणी विचारलंच नाही."

"आणि मोजायचेच असतील," कीझाया म्हणाली, "तर एकाच आईच्या पोटचे आहोत, एकच समजा!"

माझा वाकडा हात फांदीच्या बेचक्यात बसला. वाळकी होती, जुनी होती, मांडीएवढी जाड होती. खालून सगळं गाव ओरडलं, "ओढ!" दोघं मागे झुकली. मी माझं सगळं लोखंड पणाला लावलं. कडाड्! फांदी खाली आली, ग्रिंडलनं उडी मारली म्हणून वाचला, आणि वाळक्या सालीची धूळ अजून हवेत होती तेव्हा चर्चमध्ये बाराची घंटा सुरू झाली.

टोप्या उडाल्या. माणसं नाचली. खाटकानं एका बाईला मिठी मारली, ती नंतर कळलं की त्याची बायको नव्हती. कुंपणाच्या खांबांच्या गाड्या जशा भरून आल्या होत्या तशा भरून परत गेल्या. अँब्रोजनं त्या दिवशी बहिणीच्या भट्टीचा पाव खाल्ला, गरम गरम, तोंड भाजेपर्यंत. "मीठ कमी आहे," असंही म्हणाला. तिनं लाटणं उगारलं. म्हणजे सगळं ठीक झालं.

पहिला धूर कुणाचा झाला म्हणता? फांदी दोन तुकडे करून दोन्ही आळ्यांत नेली, एवढं खरं. आधी कुठली पेटली यावरून आजही भांडण आहे. मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही.

मालकानं पुढे कोर्टाची भाषा केली. कोर्टानं एकच विचारलं, मधे एखादं वर्ष चुकलं का? नाही चुकलं. संपलं! काळाच्या ओघात मालकाचं घराणं आटोपलं, त्यांच्या हवेलीत शाळा भरली आणि रान कायमचं गावाच्या नावावर झालं. महायुद्धाच्या वर्षांत दगडी कोळसा मिळेना, तेव्हा बाँबच्या भीतीनं शहरातून धाडलेली पोरंबाळंसुद्धा मीच काढलेल्या लाकूडफाट्यावर शेकली. मी थकले नाही.

आता मी चर्चच्या भिंतीवर असते. गावात घरोघरी बटण दाबलं की ऊब येते, सरपण कुणाला लागत नाही. अ‍ॅशच्या झाडांना अलीकडे रोग लागलाय, उभी झाडं वाळतायत, म्हणून माझा नवा दांडा चेस्टनटचा आहे. थोडा जड आहे, पण सवय होईल. तो म्हातारा ओकही कधीच कोसळला. त्याच्या जागी त्याचंच पिल्लू उभं आहे, आणि तेही आता म्हातारं म्हणवतंय. रानात निळी फुलं येतात, हेझलला धुमारे येतात, रात्री घुबडं बोलतात. कुंपण कुठेही नाही.

आज ओढीचा सोमवार. बाहेर दारात दोन्ही आळ्या कडकडून भांडतायत, यंदा पाळी कुणाची, मला उचलायचं कुणी. भांडा रे बाळांनो, खुशाल भांडा. ज्याच्यावर आपला जीव नाही त्याच्यासाठी कुणी असं भांडत नाही. मला धास्ती आहे ती एका गोष्टीची, की एखाद्या सोमवारी भांडायलाच कुणी आलं नाही तर? तुमच्याही गावाशेजारी एखादं रान असेल, एखादी देवराई असेल. तिच्यावरून भांडलात तरी चालेल. फक्त त्या दिवशी घरी बसू नका.

दार उघडलं वाटतं. हातांची गर्दी झालीय, कोण वरचं आणि कोण खालचं काही कळत नाही. बरं, येते मी. बारा वाजायच्या आत पोचायचंय.